धंद्याचा फोन आणि घरातलं पोरगं

आज जीएसटी नाही, मार्केटिंग नाही.

गेल्या महिन्यात घरगुती मसाल्याचा व्यवसाय करणाऱ्या एक ताई बॅच संपल्यावर थांबल्या. म्हणाल्या, "सर, ऑर्डरी वाढल्या, पण पोरगा हातातून चाललाय." मुलगा नववीत. इन्स्टाग्रामचं पेज ताईंनीच त्याच्याकडे दिलं होतं. रील टाकायची, कस्टमरला रिप्लाय द्यायचा. आधी कौतुक झालं. मग व्ह्यूज पडले की जेवण बंद, रात्री दोनपर्यंत गेम, सकाळी शाळेला दांडी. फोन काढून घेतला तर आदळआपट.

खरं सांगू? "पेज मुलांकडे द्या, फुकटात काम होतं" हा सल्ला मीही द्यायचो. आता देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. तिथे तास मोजत नाहीत. खेळण्यावर ताबा राहिलाय का, बाकी सगळं मागे पडलंय का, नुकसान दिसूनही थांबता येत नाही का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का, ते बघतात. त्यामुळे सुट्टीत चार दिवस गेम खेळला म्हणून पोराला रोगी ठरवू नका. पण झोप उडाली, मित्र तुटले, तर वर्षभर वाट बघत बसायचं नाही. १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही-मोबाईल बंद! आणि नियम मोठ्यांनाही. आपली गोची तिथेच होते, कारण सात ते साडेआठ म्हणजे आपल्या ऑर्डरींची वेळ. आपण फोनला चिकटलेले आणि पोराला म्हणणार, ठेव तो फोन. कसं ऐकेल तो?

ताईंना म्हटलं, पेज स्वतःकडे घ्या, पण भांडून नाही, त्याला समजावून. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर "साडेआठनंतर उत्तर देऊ" असा आपोआप जाणारा मेसेज लावा. रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. तुमचासुद्धा.

परवा त्यांचा फोन आला. दोन ऑर्डरी गेल्या म्हणे. मुलगा अजून धुसफुसतो, पण जेवायला सगळ्यांबरोबर बसतो.