धाक आणि संवाद

१९९८ साली सुरू झालेली ‘सी.आय.डी.’ मालिका आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. त्यात शिवाजी साटम यांनी रंगवलेले एसीपी प्रद्युम्न गुन्हेगारीत शिरलेल्या स्वतःच्या मुलावर, नकुलवर, गोळी झाडतात. पडद्यावर कर्तव्यनिष्ठा दिसते. पण मनात प्रश्न येतो, मुलगा त्या थराला जाईपर्यंत बापलेकांचे बोलणे किती होत असेल?

‘मुलांना धाक हवाच’ हे ऐकत आपण वाढलो. इथे मात्र शाळेतील मार १९९० मध्ये बंद झाला आणि जून २००७ पासून ‘वळण लावण्यासाठी मारले’ हा बचाव आईवडिलांनाही कायद्याने उरलेला नाही.

धाकाने मूल गप्प बसते, तसेच चुका लपवायलाही शिकते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चूक लवकर कळली तर दुरुस्ती स्वस्त पडते. घरातही तसेच आहे.

म्हणून नियम मोजके ठेवा, त्यांचे कारण सांगा. ऑकलंडहून पुकेकोहेला दमून परतल्यावर लगेच प्रगतिपुस्तक मागू नका. आधी एकत्र जेवा. राग अनावर झाला तर खोलीबाहेर जा. १७३७ या क्रमांकावर चोवीस तास समुपदेशकाशी मोफत बोलता येते. त्यात कमीपणा मुळीच नाही.