उतारवयातील समुद्रसहल : कंपनी कशी पारखावी

ह्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. सहलीच्या जहाजाचे तिकीट आम्ही आजवर काढलेले नाही. गोदीत आणि खलाशांच्या चळवळीत आमची तीस वर्षे गेली. जहाजांवर आम्ही शेकडो वेळा चढलो, पण ते तक्रारीचा कागद खिशात घालून, कामगारांच्या शिडीने. शिक्षणही शाळेपुरतेच, पुढचे जे काही वाचले ते रात्री, कचेरीतल्या दिव्याखाली. तेव्हा आम्ही सांगतो ते जहाज खालून पाहिलेल्या माणसाचे सांगणे आहे, एवढे ध्यानात ठेवून ऐकावे.

निमित्त घडले ते असे. आमच्या संघटनेचे एक जुने सभासद आहेत. गोदीत क्रेन चालवून निवृत्त झाले. सगळे त्यांना नाना म्हणतात. नानांचे वय 76, काकूंचे 71, आणि काकूंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. लग्नाला पन्नास वर्षे होणार म्हणून इंग्लंडातल्या मुलाने दोघांना सागरी सहलीला नेण्याचे ठरविले आणि तीन कंपन्यांची रंगीत पुस्तके पाठवून दिली. ती काखेत मारून नाना कचेरीत आले व म्हणाले, "भाऊ, ह्यात सगळी माणसे तिशीतली आणि हसरीच दिसतात. आमच्यासारख्याने कोणती बोट धरावी?"

आम्ही ती पुस्तके दोन रात्री चाळली. जेवणाचे वर्णन पानोपानी होते, नाचगाण्याचे होते. पण काकू जहाजातून खाली कशा उतरणार, हे कुठेच धड नव्हते. उतारवयाच्या प्रवाशाने विचारावयाचा पहिला प्रश्न हाच.

कोकणातल्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. पूर्वी मुंबईहून सुटणारी बोट हर्णै, वेंगुर्ले अशा बंदरांत धक्क्याला लागत नसे. ती बाहेर नांगर टाकी, आणि उतारू पडावांतून किनाऱ्याला जात. लाट वर आली की पाऊल टाकायचे, खाली गेली की थांबायचे. म्हाताऱ्यांना खलाशी बखोटीला धरून उतरवीत. आज लाखो रुपयांच्या सहलीतही अनेक बंदरांत नेमके हेच घडते. फक्त पडावाला आता टेंडर म्हणतात आणि त्याला इंजिन असते. ग्रीसच्या सांतोरिनी बेटाचे चित्र सगळ्या पुस्तकांत असते. तेथे मोठी जहाजे समुद्रात उभी राहतात, लहान बोटीने जुन्या बंदराला जावे लागते, आणि तेथून वर गावात जायला एक तर दोराच्या पाळण्याची रांग, नाही तर सहाशेच्या जवळपास पायऱ्या. आपल्या लक्षद्वीपच्या सहलीतही बेटावर जायचे ते लहान बोटीनेच. समुद्र खवळलेला असेल तर टेंडर सुटतच नाही. आणि चाकांच्या खुर्चीतला प्रवासी स्वतःच्या पायाने दोन पावले टाकू शकत नसेल, तर त्याला टेंडरमध्ये घेण्याचे पुष्कळ कंपन्या नाकारतात. म्हणून मार्गाचा कागद हाती घ्यावा, प्रत्येक बंदरापुढे 'धक्का' की 'पडाव' हे लिहून मागावे, आणि पडावांची संख्या धक्क्यांहून जास्त निघाली तर ती सहल कितीही सुंदर असली तरी सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट जहाजाच्या आकाराची. 2024 साली चालू झालेले 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज एका खोलीत दोघे धरले तर 5,610 प्रवासी नेते, आणि खोल्या पुरत्या भरल्या तर 7,600 पर्यंत. आमचे तालुक्याचे गाव ह्यात मावेल. नातवंडे बरोबर असतील तर असे जहाज उत्तम. पण खोलीपासून जेवणघरापर्यंतची वाट गुडघेदुखीच्या माणसाला लांब पडते, आणि जेथे तेथे रांग. उलट बाजूला लहान जहाजांच्या कंपन्या आहेत. व्हायकिंग कंपनीच्या सागरी जहाजांवर 930च्या आसपास प्रवासी असतात, अठरा वर्षांखालील कोणाला घेत नाहीत, आणि जुगाराचा अड्डाही नाही. फ्रेड ओल्सेन ह्या नॉर्वेजियन घराण्याच्या कंपनीची जहाजे मध्यम आकाराची असून ब्रिटनच्या निरनिराळ्या बंदरांतून सुटतात. म्हणजे म्हाताऱ्याला घरापासून दूरच्या बंदरापर्यंतची दगदग नाही. पी अँड ओ कंपनीने आपल्या ताफ्यातील 'आर्केडिया' आणि 'ऑरोरा' ही दोन जहाजे प्रौढांसाठी राखून ठेवली आहेत.

ह्यांत 'सागा' कंपनीची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. इंग्लंडच्या फोकस्टन गावी सिडनी डी हान नावाचे एक हॉटेलवाले होते. उन्हाळा संपला की हॉटेल रिकामे पडे. 1950च्या सुमारास त्यांनी विचार केला की, हंगामाबाहेर फिरायला मोकळे असे लोक कोण? तर पेन्शनवाले! त्यांना स्वस्तात आणून त्यांनी खोल्या भरल्या, आणि त्यातून म्हाताऱ्यांच्या सहलींचा एक मोठा धंदा उभा राहिला. दयाबुद्धीने नव्हे, रिकाम्या खोल्यांच्या हिशेबाने. पण हिशेब म्हाताऱ्यांच्या सोयीचा निघाला. आज ह्या कंपनीच्या जहाजांवर पन्नाशीच्या आतला प्रवासी चालत नाही. बरोबरच्या सोबत्याला तेवढी चाळिशीपर्यंत सूट. 'स्पिरिट ऑफ डिस्कव्हरी' (2019) आणि 'स्पिरिट ऑफ ॲडव्हेंचर' (2021) ही जहाजे प्रत्येकी 999 प्रवाशांची आहेत. एकट्या माणसासाठीही वेगळ्या खोल्या असून सगळ्यांना सज्जा आहे. एरवी एकट्याला दोघांच्या खोलीचे भाडे जवळजवळ दुप्पट भरावे लागते. जोडीदार गेलेल्या माणसाला हा दंडच होय. बक्षिशी, प्रवासविमा आणि ब्रिटनमधील घरापासून धक्क्यापर्यंतची मोटार ही सारी भाड्यातच धरलेली असतात. मात्र विम्याची व मोटारीची व्यवस्था ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. मुंबईहून जाणाऱ्या नानांनी ती आपल्याला लागू आहे असे धरून चालू नये.

पण लहान जहाज म्हणजे सर्व सुख, असे कोणी समजू नये. 2023च्या नोव्हेंबरात ह्याच 'स्पिरिट ऑफ डिस्कव्हरी'ला बिस्केच्या उपसागरात वादळाने गाठले. जहाजात सुमारे हजार प्रवासी होते. त्यांतले शंभराच्या आसपास लोक पडून-झडून दुखावले. मोठे जहाज लाटेला कमी दाद देते, लहान जास्त देते. बोट लागण्याची ज्याला खोड आहे, किंवा ज्याची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्याने ऋतू पाहूनच मार्ग निवडावा, आणि खोली जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर मागावी. तेथे हेलकावा कमी लागतो, आणि तेथील भाडेही पुष्कळदा कमी असते.

आता डॉक्टरचा विचार करू. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर दवाखाना असतो, डॉक्टर व परिचारिका असतात. अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकांच्या महाविद्यालयाने त्यासाठी मार्गदर्शक नियम केले आहेत. ते तुम्ही पाळता काय, असे कंपनीला सरळ विचारता येते. परंतु हा दवाखाना म्हणजे इस्पितळ नव्हे. हृदयविकाराचा झटका आला तर तात्पुरता सावरून पुढच्या बंदरात उतरवून देणे, एवढेच त्याचे काम. जहाज थांबत नाही. परक्या बंदरात, परक्या भाषेत, एक जण खाटेवर आणि दुसरा पिशव्या घेऊन बाहेर बाकावर, अशी ती अवस्था असते. दवाखान्याचे बिल प्रवाशाच्या खात्यावर पडते. हेलिकॉप्टर बोलावावे लागले तर त्याचा खर्च ऐकूनच दुसऱ्याला झटका यावा. आपल्याकडचा नेहमीचा आरोग्यविमा बहुधा देशाबाहेर चालत नाही. प्रवासविमा वेगळा घ्यावा लागतो. त्यात समुद्रावरून हलविण्याचा खर्च आणि आधीपासूनची दुखणी धरली आहेत काय, हे वाचून घ्यावे. मधुमेह लपवून स्वस्त विमा घेणारे आम्ही पाहिले आहेत. मुदतीच्या वेळी कंपनी तो कागद बरोबर काढते.

आणि कायदा? येथे आमच्यासारख्याचे कान टवकारतात. जहाजाच्या मागे ज्या बंदराचे नाव रंगविलेले असते, त्या देशाचा कायदा त्याच्यावर चालतो. आणि ते नाव बहुतेकदा बहामा, पनामा, बर्म्युडा असे असते. क्युनार्ड कंपनीने 2011 साली आपली जहाजे ब्रिटनच्या नोंदवहीतून काढून बर्म्युडाच्या नोंदवहीत घातली, आणि जहाजावर लग्ने लावता यावीत हे कारण दिले. आम्हाला मात्र ध्वज म्हटला की लग्न आठवत नाही. दावा कोठे लावायचा हेही तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेले असते. वॉशिंग्टन राज्यातली एक बाई मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ जहाजावर घसरून पडली. तिने भरपाई मागितली तेव्हा 1991 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तिकिटात फ्लोरिडा लिहिले आहे, तेव्हा देशाच्या त्या टोकाला जा.

त्याच देशाचा 1920 सालचा एक कायदा आहे. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे कोणाच्या चुकीने माणूस दगावला, तर त्याच्या घरच्यांना केवळ पैशांत मोजता येईल एवढ्या नुकसानीची भरपाई. कमावत्या माणसाच्या पगाराचा हिशेब होतो. निवृत्त माणूस, ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही, त्याचा हिशेब अंत्यविधीच्या खर्चापलीकडे फारसा जात नाही. जन्मभर राबलेल्याची किंमत राबणे थांबले की शून्य! हे वाचल्यावर आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभे राहिलो. काही दारे लढूनच उघडली आहेत, हेही सांगितले पाहिजे. परक्या ध्वजाच्या जहाजालाही अमेरिकेच्या पाण्यात अपंगांच्या हक्कांचा कायदा लागू आहे, असा निकाल 2005 साली लागला. जहाजावरील डॉक्टरच्या हयगयीसाठी कंपनीवर दावा चालू शकतो, हे 2014 साली एका वृद्ध प्रवाशाच्या मृत्यूच्या खटल्यात तेथील वरिष्ठ न्यायालयाने मान्य केले. त्याआधी डॉक्टर आमचा नोकर नव्हे, असे म्हणून कंपन्या मोकळ्या होत.

शेवटी ज्या हातांवर म्हातारा प्रवासी टेकणार, त्या हातांविषयी. मुंबईच्या धोबीतलावाजवळ गोव्याच्या गावांचे 'कुड' आहेत. तेथे मुक्काम ठेवून गोवेकर पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर गेले. आजही ह्या सहलीच्या जहाजांवर ताट वाढणारा, बिछाना घालणारा माणूस आपल्याकडचा निघतो. 2006 साली झालेला सागरी श्रमाचा आंतरराष्ट्रीय करार 2013 साली अमलात आला, भारताने तो 2015 साली मान्य केला. त्याप्रमाणे दिवसात किमान दहा तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती मिळालीच पाहिजे. आठवड्याचे तास 168. म्हणजे 91 तासांपर्यंत राबवून घेतले तरी नियम मोडत नाही! ही तर चांगल्या स्थितीची गोष्ट.

2020च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकले. जहाजावर 3,711 माणसे, प्रवाशांत वृद्धांचा भरणा, आणि 712 जणांना कोरोनाची बाधा झाली. प्रवाशांना खोल्यांत बंद केले. पण त्यांच्या दाराशी ताटे कोणी नेली? खालच्या मजल्यावर एका खोलीत दाटीने निजणाऱ्या नोकरांनी. त्यांत 132 भारतीय होते. वरच्यांच्या जीविताचे रक्षण करणाऱ्यांना स्वतःला वेगळे राहण्याची सोय नव्हती, आणि त्यामुळे रोग दोन्हीकडे फिरला. तेव्हा जहाजावर प्रवाशांमागे नोकर किती, आणि मागच्या खेपेचे लोक पुन्हा कामावर परत येतात काय, हे विचारणे म्हणजे परोपकार नव्हे. काकूंना स्नानगृहात भोवळ आली तर हाकेला ओ देणारा माणूस जागा असेल की पेंगत असेल, ह्याची ती चौकशी आहे.

काही किरकोळ गोष्टी आम्ही नानांना सांगितल्या. धक्क्यावर सामान हाती दिले की ते संध्याकाळपर्यंत खोलीत पोचते, म्हणून औषधे खांद्यावरच्या पिशवीत ठेवावीत. साध्या खोलीचे दार अनेक जहाजांवर दोन फुटांच्याही आत असते. खुर्ची न्यायची तर रुंद दाराची खोली आधीच मागावी, त्या थोड्याच असतात. खुर्ची ढकलायला माणूस बहुधा फक्त चढताना-उतरताना मिळतो. युरोपचा प्रवेश-परवाना एकापेक्षा अधिक वेळांचा घ्यावा, कारण जहाज मध्येच त्या देशांबाहेर जाऊन परत येते. सुरक्षेच्या कवायतीला दांडी मारू नये. 'रामदास' बोटीचे 1947 साली काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे. 2012 साली 'कोस्टा काँकोर्डिया' उलटली तेव्हा कित्येक प्रवाशांची कवायत व्हायची होती. आणि आयुष्यात बोटीवर रात्र काढलेली नसेल, तर सात समुद्रांआधी मुंबईहून गोव्याकडे दोन रात्रींची एक फेरी करून पाहावी.

नानांनी मुलाकडून तिन्ही कंपन्यांना पाच प्रश्नांचे पत्र धाडले. मजकूर आम्हीच सांगितला. मागणीपत्रे लिहिण्याची सवय आहे. एकीने पुन्हा तेच रंगीत पुस्तक पाठविले. दुसरीने बंदरांची यादी धाडली. नवांपैकी पाच ठिकाणी पडाव होता. तिसरीने चार प्रश्नांची उत्तरे दिली, दाराची रुंदी इंचांत कळविली, आणि नोकरांच्या प्रश्नावर मात्र मौन पाळले. नानांनी तो एक प्रश्न परत लिहिला आहे. तिकीट अजून काढलेले नाही.