पोराला ‘डोकं नाही’ म्हणण्याआधी

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की पुसद, दिग्रस, उमरखेड, दारव्हा इथल्या आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: “मोठ्याला डोकं आहे, धाकट्याला नाही.” त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलंच असतं. धाकट्याला गॅरेजवर लावा, नाहीतर मामूच्या दुकानात बसवा. मुलगी असेल तर एवढीही चर्चा होत नाही, तिची शाळा गुपचूप सुटते. निर्णय आयुष्याचा असतो आणि आधार एका पेपरचा. हे ‘डोकं’ म्हणजे नेमकं काय आणि ते कितपत मोजता येतं, हे म्हणूनच समजून घ्यायला हवं.

माणसामाणसांच्या बुद्धीत फरक असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. सख्ख्या भावंडांतही असतो, कारण त्यांची जनुकं सरासरी निम्मीच सारखी असतात. इंग्लंडच्या चार्ल्स स्पिअरमन यांनी 1904 साली दाखवलं की एका विषयात पुढे असणारी मुलं बहुधा इतर विषयांतही पुढे असतात. पण यातला ‘बहुधा’ हा शब्द सोडू नका. पाठांतर, तर्क, शब्दांची समज, आकृती मनात फिरवून पाहणं, कामाचा वेग या वेगवेगळ्या क्षमता आहेत आणि एकाच मुलात त्या कमीजास्त असू शकतात. मदरशात हिफ्ज भराभर करणारा मुलगा अपूर्णांकात अडकतो. पाण्याची मोटर खोलून पुन्हा जोडणाऱ्याला निबंध लिहिता येत नाही. यापैकी कोणाला ‘ढ’ म्हणणार?

बुद्धिमापनाची पहिली उपयोगी चाचणी अल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी 1905 साली पॅरिसमध्ये तयार केली. कोणत्या मुलांना शिकताना जादा मदत लागेल हे शोधण्यासाठी ती होती. मुलांना शाळेबाहेर काढायला नव्हे! बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, या समजुतीला खुद्द बिने यांचाच विरोध होता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी याच चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी नवं रूप तयार केलं आणि 1940 साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. परदेशातले प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे चालणार नाहीत हे त्यांनी ओळखलं होतं. घरात दखनी किंवा उर्दू, शाळेत मराठी आणि पेपरातली भाषा पुस्तकी, असं असेल तर मूल प्रश्नात अडकलं की भाषेत, हे नुसत्या गुणांवरून कळत नाही.

बुद्ध्यांक हाही तुलनेचाच आकडा आहे. त्या वयाची सरासरी 100 धरतात. शंभरातली साधारण 68 मुलं 85 ते 115 च्या मध्ये येतात आणि 130 च्या वर जेमतेम दोन. तेच मूल दुसऱ्या दिवशी बसलं तर आकडा चार-पाच गुणांनी इकडेतिकडे होऊ शकतो. शिष्यवृत्तीच्या पेपरात ‘बुद्धिमत्ता चाचणी’ असते, पण त्या गुणांना बुद्ध्यांक समजू नये. तिथे सरावाचा वाटा मोठा असतो. क्लास लावलेला मुलगा आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवलेला मुलगा एकाच यादीत मोजले जातात. शिवाय शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून यादीत नाव नाही याचा अर्थ नापास असाही होत नाही.

यातल्या काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. आयोडीन कमी पडलं की मेंदूची वाढ खुंटते, विशेषतः बाळ पोटात असताना, म्हणून घरात आयोडीनयुक्त मीठच वापरा. रक्त कमी असलेल्या मुलाचं वर्गात लक्ष लागत नाही. फळा नीट न दिसणारं किंवा कान वाहणारं मूलही ‘मंद’ ठरतं, तेव्हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शाळेचाही परिणाम होतो. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा 2018 साली घेतला गेला, तेव्हा शिक्षणाच्या दर वर्षामागे बुद्ध्यांक अंदाजे 1 ते 5 गुणांनी वाढतो असं आढळलं. म्हणजे ‘डोकं नाही’ म्हणून शाळा सोडवली, तर डोक्याला मिळणारी खुराकच आपण बंद करतो.

काही मुलं बोलण्यात हुशार असतात, पण वाचताना अक्षरं गोंधळतात किंवा आकडे उलटे लिहितात. त्याला आळस समजून मारलं जातं, आणि हे आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं. ही अध्ययन अक्षमता असू शकते. बुद्धी चांगली असूनही ती असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. आधी वर्गशिक्षकांशी बोला, मग सरकारी दवाखान्यात तपासणीबद्दल विचारा.

आता परीक्षांचं. घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीच्या प्रवेश परीक्षेत 80 पैकी 40 प्रश्न मानसिक क्षमतेचे म्हणजे आकृत्यांचे असतात. भाषेत मागे असलेल्या मुलाला तिथे वाव आहे, आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा होते. जिल्हा परिषद, नगर परिषद आणि अनुदानित शाळांतल्या ज्या मुलांच्या घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत आहे, त्यांना ती देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत भरला जातो, त्यामुळे दिवाळीच्या बरंच आधी मुख्याध्यापकांना भेटून तारीख विचारून ठेवा. धाकट्याचंही नाव द्या.