मिरामार : समुद्र पाहण्याआधी नदी पाहा

आज मी तुम्हाला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर घेऊन आलो आहे. शहरापासून जेमतेम तीन किलोमीटर. संध्याकाळी पणजीकर इथे पाय मोकळे करायला येतात.

'मिरामार' या नावातच समुद्र पाहणं आहे. पण माझं ऐका, आधी नदी पाहा. समोरचं पाणी म्हणजे मांडवीचं मुख. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई ती हीच. खानापूरकरांची नदी इथे अरबी समुद्राला मिळते.

पलीकडच्या काठावर 1612 सालचा आग्वाद किल्ला दिसतो आणि उजवीकडे रेइश मागुश. जुन्या गोव्याकडे जाणारी गलबतं याच तोंडातून आत शिरत, म्हणून दोन्ही काठांवर तोफा हव्या होत्या. अलीकडच्या काठावरचा किल्ला होता गास्पार दियश. हे मूळचं इथल्या एका जमीनदाराचं नाव. 1835 च्या बंडाळीत तो किल्ला जाळला गेला. आज त्याची भिंतही दिसत नाही. नाव मात्र इथल्या टेनिस क्लबाने जपलंय.

किनाऱ्यालगत गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे. 1973 साली पदावर असतानाच ते गेले. 2019 मध्ये मनोहर पर्रीकरांवर अंत्यसंस्कार झाले तेही इथेच, शेजारी.

आता महत्त्वाचं. इथली वाळू सपाट आणि एरवी लाटाही बेताच्या, म्हणून लोक लेकरांना घेऊन बिनधास्त पाण्यात उतरतात. पण नदीमुखाचं पाणी दोन्हीकडून ओढतं. भरतीला समुद्र आत चढतो. ओहोटी लागली की तेच पाणी नदीच्या प्रवाहासह बाहेर धावतं. पाण्याखालचे वाळूचे दांडे जागा बदलतात, त्यामुळे काल गुडघाभर होतं तिथे आज खोल असू शकतं. पावसाळ्यात तर मुखाशी एवढी वाळू साचते आणि लाटा एवढ्या उसळतात की खनिजाचे बार्जसुद्धा हा रस्ता टाळून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत जात आले आहेत. जिथे बार्जवाले माघार घेतात, तिथे आपण हौसेने उतरायचं का?

तेव्हा मिरामारला जरूर या. वाळूत बसा, समाधीपाशी क्षणभर थांबा, सूर्यास्त बघा. पाण्यात जायचंच असेल तर आधी जीवरक्षकाला विचारा, 'ओहोटी कधी लागते?' त्याने नको म्हटलं, तर पाय भिजवण्यावर समाधान माना.