फुलराणीची पहिली फेरी



नाताळची सुटी जवळ आली, कीं वर्गावर्गांतून एकच प्रश्न ऐकूं येतो, "सर, यंदा सहल कोठें?" यंदा उत्तर ठरलेलें आहे. पुण्याचें पेशवे उद्यान आणि त्यांतील फुलराणी नांवाची लहानशी आगगाडी. हें ऐकून वरच्या वर्गांतील कांहीं चिरंजीवांनीं नाकें मुरडलीं, तेंहि आमच्या कानीं आलें आहे. खोपोलीजवळ २०१३ सालीं निघालेलें इमॅजिका सोडून हें "बाळांचें" उद्यान कशाला, असा त्यांचा आक्षेप. खर्चाचें कारण तर उघडच आहे. परंतु दुसरेंहि एक कारण आहे, आणि तें सांगण्यापूर्वीं आम्हांस आपली स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे.

आम्ही लहान असतांना, १९८८ च्या सुमारास, वडिलांचें बोट धरून या उद्यानांत गेलों होतों. त्या वेळीं तेथें प्राणिसंग्रहालय होतें. पिंजऱ्यापाशीं येणारा तो उग्र वास, वाघाच्या येरझाऱ्या, आणि या सर्वांच्या शेजारून डौलानें फिरणारी फुलराणी, हीं चित्रें आमच्या मनांतून कधींच पुसलीं गेलीं नाहींत. पुढें स्वतः बाप झाल्यावर आम्ही आमच्या मुलास तेथें नेलें. नेलें कसले, फरफटत फिरविलें म्हणा ना! "येथें वाघ होता, येथें हत्ती झुलत असे, येथें आम्ही आजोबांच्या खांद्यावर बसलों होतों," असें सांगत आम्ही पुढें आणि तो मागें. मध्येंच तो रुळाशेजारीं उकिडवा बसून, एक कामगार चाकास तेल घालीत होता, तें निरखूं लागला. आम्हीं त्यास दंडाला धरून उठविलें. परततांना विचारिलें, "काय काय पाहिलेंस?" तो म्हणाला, "बाबा, तुम्हीं मला जें नव्हतें तेंच सारें दाखविलेंत." त्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. भिगवण येईपर्यंत आम्ही खिडकीबाहेर पाहत बसलों.

जुन्या उद्यानास जातांना पालक दुसऱ्यांदा जात असतो, आणि मूल पहिल्यांदा. बेत आखावयाचा तो या पहिल्या भेटीचा. एवढें ध्यानांत आलें, म्हणजे बाकीच्या गोष्टी आपोआप ठिकाणावर येतात.

तेथें काय आहे व काय नाहीं, हें मुलांस घरींच सांगून टाकावें. पेशवे उद्यान पुणें महानगरपालिकेनें १९५३ सालीं लोकांस खुलें केलें. सारसबागेच्या अगदीं शेजारीं तें आहे. नानासाहेब पेशव्यांनीं पर्वतीच्या पायथ्याशीं तळें करविलें, त्याच्या मधल्या उंचवट्यावर १७८४ सालीं सवाई माधवरावांच्या कारकिर्दींत गणपतीचें मंदिर उभें राहिलें. म्हणून त्यास अद्यापि तळ्यांतला गणपति म्हणतात, जरी आतां तळ्याच्या जागीं बाग आहे. प्राणिसंग्रहालय पुढें कात्रजला हलविण्यांत आलें व त्यास राजीव गांधी प्राणिसंग्रहालय असें नांव आहे. ज्यास वाघ पहावयाचा असेल त्यानें तिकडे जावें, आणि बुधवारीं जाऊं नये, कारण त्या दिवशीं तें बंद असतें. लहान पिंजऱ्यांतून निघून मोकळ्या, झाडीच्या जागेंत गेल्यानें जनावरांचें बरेंच झालें; आम्हां जुन्या लोकांना हळहळ वाटते ती केवळ आमच्यासाठीं. पेशवे उद्यानांत आतां सूर्यशक्ति व इतर ऊर्जा कशा कामीं येतात हें दाखविणारा ऊर्जा उद्यानाचा भाग आहे, जुनीं मोठीं झाडें आहेत, आणि फुलराणी आहे.

ही फुलराणी १९५६ सालच्या एप्रिल महिन्यांत धावूं लागली. या सालाकडे जरा लक्ष द्या. अमेरिकेंत वॉल्ट डिस्ने यांचें जगप्रसिद्ध डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें आणि त्याच्याहि भोंवतीं एक आगगाडी फिरत होती. म्हणजे त्या अफाट उद्योगानंतर वर्ष होण्याच्या आंतच पुण्याच्या नगरपित्यांनीं आपल्या ऐपतीप्रमाणें मुलांना आगगाडी दिली. ऐपतींत अंतर होतें, हौसेंत नव्हतें. डिस्ने यांनीं आपल्या उद्यानापूर्वीं जीं स्थळें पाहिलीं, त्यांत डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरांतील टिव्होली हें होतें. तें जॉर्ज कार्स्टेन्सन नांवाच्या गृहस्थानें १५ ऑगस्ट १८४३ रोजीं उघडलें आणि तें आजहि चालूं आहे. परीकथा लिहिणारे हान्स अँडरसन त्याच वर्षीं तेथें गेले आणि तेथील चिनी धर्तीची शोभा पाहून त्यांना बुलबुलाची कथा सुचली. टिव्होलींत १९१४ सालची एक लांकडी डोंगरगाडी आहे. तिच्या प्रत्येक गाडीवर एक माणूस बसतो आणि उतारावर हातानें गतिरोधक ओढून वेग आवरतो. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, तरी त्यांनीं तो माणूस काढला नाहीं. आम्हांस ही गोष्ट फार आवडते.

सर्वांचें भाग्य असें नसतें. दिल्लीचें अप्पू घर १९८४ सालीं उघडलें आणि २००८ सालीं बंद झालें. मुंबईजवळ गोराईचें एस्सेलवर्ल्ड १९८९ पासून चालूं होतें. खाडी ओलांडून तेथें जाण्याची मौज या जिल्ह्यांतील कितीतरी पालकांनीं अनुभविली असेल. तेंहि २०२२ सालीं बंद झालें. ज्यांनीं "पुढच्या वर्षीं नेऊं" असें आपल्या मुलांस म्हटलें होतें, त्यांचें पुढचें वर्ष आलेंच नाहीं. यंदाच फुलराणीकडे जाण्याचा आमचा आग्रह आहे, तो यामुळें. वरच्या वर्गांतील आक्षेपकांस हेंच आमचें दुसरें उत्तर.

आतां करमाळ्याच्या माणसाला फुलराणी विशेष जवळची कां वाटावी, तें सांगतों. आपल्या तालुक्याच्या शेजारीं कुर्डुवाडी आहे. तेथून बार्शीपर्यंत १८९७ सालीं एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरानें अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. ती पुढें पंढरपूर, लातूर व १९२७ सालीं मिरजेपर्यंत गेली. आपल्या आजोबा-पणजोबांपैकीं अनेकांनीं पंढरीची वारी याच गाडीनें केली असेल. १९५४ सालीं ती सरकारनें घेतली आणि २००० नंतरच्या वर्षांत तिचे अरुंद रूळ जाऊन रुंद रूळ आले. सोय झाली, यांत शंका नाहीं; परंतु शेतांतल्या माणसाला खिडकींतून हांक मारतां येईल अशी गाडी आपल्या भागांतून गेली. घरीं आजी-आजोबा असतील त्यांना निघण्यापूर्वीं या गाडीविषयीं अवश्य विचारा. पुस्तकांत मिळणार नाहींत अशा गोष्टी ते सांगतील.

अरुंद रुळांची गाडी लहान वळणें घेऊं शकते, म्हणून ती डोंगरांत आणि बागेंत चालते. १९०७ सालीं सुरू झालेली नेरळ-माथेरानची गाडी अवघ्या दोन फुटी रुळांवरून घाट चढते, ती याच कारणानें. शिवाय एक गंमत आहे. फुलराणी हळू चालते, परंतु आंत बसलेल्या मुलास ती वेगानें धांवतेसें वाटतें. आसन जमिनीपासून फार उंच नसतें, झाडें व कुंपण हाताच्या अंतरावर असतात. आणि जवळची वस्तु डोळ्यांपुढून चटकन् सरकते, लांबची सावकाश. जेऊरकडून पुण्यास जातांना हें पडताळून पहा. रुळाजवळचे खांब सटासट मागें पळतील, लांबची टेंकडी मात्र आपल्याबरोबर चालत आहेसें वाटेल. गाडीचा वेग दोघांनाहि एकच. श्रीदेवीच्या माळावरील कमलाभवानीच्या यात्रेंत फिरता पाळणा असतो, त्यावर बसलेल्यांनीं खालीं येतांना पोटांत उठणारा गोळा अनुभविला असेल. फुलराणींत तसें कांहीं होत नाहीं. भित्र्या मुलांच्या आयांनीं निश्चिंत असावें.

प्रवासाचें म्हणाल, तर करमाळ्याहून जेऊर स्थानक वीसएक किलोमीटर. जेऊरला सर्वच गाड्या थांबत नाहींत, तेव्हां वेळ आधीं पाहून ठेवावी आणि अर्धा तास अगोदर पोहोंचावें. वाशिंबें-पारेवाडी सोडून गाडी भिगवणकडे जाऊं लागली, कीं उजनीच्या धरणाचें पाणी दिसतें. हिवाळ्यांत तेथें रोहित पक्षी उतरतात. पुणें स्थानकाहून मेट्रोनें निघून जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलली, कीं जमिनीखालून स्वारगेटला जातां येतें. तेथून उद्यान पायीं दहा-पंधरा मिनिटांवर. म्हणजे एकाच दिवशीं मोठी आगगाडी, भुयारांतली गाडी आणि लहान आगगाडी अशा तिन्ही पहावयास मिळतील. एस.टी.नें जाणाऱ्यांना तर स्वारगेट हेंच उतरण्याचें ठिकाण.

एक गंभीर गोष्ट येथेंच सांगून ठेवतों. फुलराणी हें नांव ऐकतांच मराठी शिकलेल्या प्रत्येकास बालकवींची कविता आठवते. त्या बालकवी ठोमऱ्यांचा अंत ५ मे १९१८ रोजीं खानदेशांत भादली स्थानकाजवळ, रूळ ओलांडतांना, आगगाडीखालीं सांपडून झाला. वय अवघें २७. जेऊरला किंवा कोठेंहि रुळांवरून पलीकडे जाणारा विद्यार्थी त्याच पावलीं घरीं परत पाठविला जाईल; तेथें कोणाची गयावया चालणार नाहीं.

उद्यानांत पोहोंचल्यावर प्रथम काय करावें? कांहींहि करूं नये. झाडाखालीं बसून फुलराणीची एक फेरी नुसती पहावी. ती कोठून निघते, कोठें वळते, थांबतांना काय करते, चालविणारा कोणत्या खिट्टीला हात लावतो, हें एकदां पाहून घेतलें, कीं मग बसण्याची गोडी दुप्पट होते आणि धक्काबुक्की निम्म्यानें कमी होते. यंत्र म्हटलें, कीं दुरुस्ती आलीच. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीं गाडी चालूं असल्याची चौकशी आम्ही करूं. एखादें मूल बसण्यास कचरलें, तर त्यास हंसूं नये आणि ढकलूंहि नये. तें दुसरी फेरी पाहील आणि तिसरीस आपण होऊन तिकीट मागेल. न मागेल, तरी कांहीं बिघडत नाहीं. गाडी पाहणें हीदेखील भेटच आहे.

पालकांपैकीं जे बरोबर येतील त्यांस हात जोडून विनंती, कीं आपल्या आठवणी दुपारच्या डब्यापर्यंत तोंडांत धराव्या. जेवणानंतर मुलें आपण होऊन विचारतात, "तुमच्या वेळीं येथें काय होतें?" तेव्हां खुशाल वाघ सोडावा. विचारल्याविना सांगितलेली आठवण ओझें होते. विचारल्यावर सांगितलेली कोणी विसरत नाहीं, हें आम्ही फजितीनंतर शिकलों.

डब्यांत धपाटे, शेंगांची चटणी आणि दशम्या असाव्या; आंबणारें कांहीं नको. पाण्याची बाटली प्रत्येकाची निराळी. खर्चास प्रत्येकाजवळ सारखीच लहान रक्कम असेल आणि ती कशी खर्च करावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. सारसबागेबाहेरच्या भेळेंत गेली तरी हिशेब मागितला जाणार नाहीं. मात्र ती संपल्यावर दुसऱ्याच्या खिशाकडे पाहूं नये. मोजदाद तीन वेळां होईल, आणि रांगेच्या शेवटीं नेहमीं एक मोठें माणूस राहील.

यादी करतांना असें आढळलें, कीं सातवीच्या वर्गांतील अकरा मुलें-मुली आजपर्यंत कोणत्याहि आगगाडींत बसलेलीं नाहींत. आम्ही आमच्या बेतांत फुलराणीचीच पहिली फेरी धरून बसलों होतों. या अकरा जणांची पहिली फेरी तर जेऊरलाच सुरू होणार. तेव्हां जातांना डब्यांत खिडकीच्या जागा त्यांच्या. बाकीच्यांनीं आपापसांत ठरवून त्या सोडावयाच्या आहेत, आणि तसें त्यांनीं आम्हांस आधींच येऊन सांगावें.