फळ्यावरून फरशीवर

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम मांडलं, तेव्हा मॉन्टेसरीचं मूळ साहित्य खेड्याला परवडणारं नव्हतं. मग त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांनाच साहित्य केलं. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते आदिवासी मुलांपर्यंत पोचलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. वस्तू आधी मुलाच्या हातात आणि तिची संख्या, तिचं अक्षर नंतर, हा क्रम तिथे पक्का झाला.

सरकारी शाळांत मात्र साहित्य म्हणजे भिंतीवरचा तक्ता, अशीच समजूत बराच काळ राहिली. गुरुजींनी छडीनं दाखवायचं, मुलांनी पाहायचं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली आणि दोन खोल्या, दोन शिक्षक यांच्या जोडीला नकाशे, गणित-विज्ञानाच्या पेट्याही शाळांना मिळू लागल्या. त्या मोहिमेचं मोल मोठं आहे. पण पेटीची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली, की एखादा तुकडा हरवेल या धास्तीनं ती कित्येक ठिकाणी कपाटातच राहिली. पुढे सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळायचे. रक्कम लहानच, पण त्यातून कार्डशीट, मणी, रबरबँड आले. हे हरवलं तरी चालत होतं, म्हणून ते मुलांना वापरायला मिळालं.

खरी हवा बदलली ती साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांमुळे. मुलं फरशीवर गटागटानं बसलेली, समोर काड्या, चिंचोके, मणिमाळ, अंककार्डं. ४२ मधून १७ वजा करायचे, तर मूल दशकाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडतं. सात काढायला जातं, तर हाताशी दोनच. मग एका गठ्ठ्याचा रबरबँड सोडतं. आता सुट्या काड्या बारा. त्यातल्या सात बाजूला गेल्या, पाच उरल्या. तीन गठ्ठ्यांतला एक गेला, दोन उरले. दशक मोडणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. वहीत वरच्या आकड्यावर काट मारून शेजारी एक लिहायला शिकवणारी आमची जुनी पद्धत उत्तर देत होती, कारण देत नव्हती.

जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि मुलानं वस्तू हाताळत स्वतःच ज्ञान रचायचं, हा कुमठ्यातला ज्ञानरचनावाद राज्यभर गेला. उत्साह दांडगा होता. गावांनी लोकवर्गणी काढली, शिक्षकांनी सुट्टीत वर्ग रंगवले. मात्र काही ठिकाणी फरशीचा ऑइलपेंट तेवढा पोचला, काड्यांचे गठ्ठे पोचले नाहीत. रंगवलेल्या फरशीभोवती पुन्हा सामूहिक घोकंपट्टी ऐकू येते, तेव्हा वाईट वाटतं.

करोनाच्या काळात सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मोबाइल नसलेल्या मुलाला येता-जाता, उभ्याउभ्या वाचता येईल असं साहित्य होतं ते. माझ्या लेखी त्या काळातला तो सर्वांत शहाणा उपक्रम.

आता २०२३ पासून तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आला आहे: कोडी, बाहुल्या, खेळणी, चित्रकार्डं. त्यातली वस्तू झिजली, मोडली, तर शिक्षकाकडून खुलासा मागू नये. ती उपभोग्य साहित्यात नोंदवावी आणि दर वर्षी नवी द्यावी.