पाण्यात पडलेलं मूल आणि काठावरचे आपण

बांगलादेशात २००३ साली आरोग्य आणि अपघातांची देशव्यापी पाहणी झाली. घरोघर जाऊन कुठलं मूल कशानं गेलं याची नोंद घेतली गेली. बेरीज झाली तेव्हा एक ते सतरा वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत पहिला क्रमांक बुडण्याचा निघाला. वर्षाला सुमारे १७ हजार मुलं. लसींनी आणि मीठ-साखरेच्या पाण्यानं गोवर, हगवण मागे हटली होती. त्यांच्याआड दडलेलं हे मरण आता उघडं पडलं. आणि ते महापुरातलं नव्हतं. बहुतेक लहानगी घरापासून वीसेक मीटरच्या आत, परसातल्या तळ्यात किंवा डबक्यात बुडाली होती. तीही बहुधा सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, बाप शेतावर आणि आई चुलीपाशी असताना.

त्यातून मुलांना पोहायला शिकवणारं ‘स्विमसेफ’ उभं राहिलं. फरशीचे जलतरण तलाव बांधायला पैसा नव्हता, तळी मात्र दारोदार होती. मग तळ्यातच बांबूची चौकट ठोकली आणि पाण्याखाली बांबूचाच तळ बसवला. मुलाच्या पायाला काहीतरी लागावं आणि हद्दही दिसावी. शिकवणारी माणसं गावातलीच. त्यांत तरुण मुलीही घेतल्या, कारण शिकवायला बाई असेल तरच घरचे मुलींना पाण्यात उतरू देणार. शिकणाऱ्यांचं वय चार ते बारा. उत्तीर्ण होण्याच्या अटी ऐकून आपल्याकडचा एखादा कोच हसेल: जमेल तसं पंचवीस मीटर पोहायचं, अर्धा मिनिट तरंगायचं आणि बुडणाऱ्याला पाण्यात न उतरता काठावरून काठी देऊन ओढायचं. शैली, वेळ, पदक यांची बातच नाही.

या कामाचा हिशेब २०१२ साली ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात छापून आला. जवळपास ८० हजार शिकलेल्या मुलांची तुलना न शिकलेल्या मुलांशी केली होती. शिकलेल्यांत बुडून होणारे मृत्यू नव्वद टक्क्यांहून अधिक कमी होते. आकडा शंका यावी इतका मोठा आहे आणि शंका घ्यायलाच हवी. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, आणि मुलाला शिकायला पाठवणारं घर मुळातच थोडं जास्त सावध असणार. त्याबद्दल सूट धरली तरी फरक मोठाच उरतो. पोहता आलं की पोरं पाण्यावर जास्त जातील आणि जास्त बुडतील, या जुन्या भीतीला इथे तरी आधार सापडत नाही.

चार वर्षांखालच्यांना मात्र त्यांनी पोहायला शिकवलंच नाही. त्यांच्यासाठी ‘आंचल’ नावाची पाळणाघरं काढली, आई कामात असते नेमक्या त्याच वेळात चालणारी. तिथेही मृत्यू ऐंशी टक्क्यांच्या आसपास घटले. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही याच धाटणीची आहे: शाळकरी वयाला पोहणं आणि बचावाची कौशल्यं, त्याआधीच्या वयाला कुंपण आणि लक्ष ठेवणारं माणूस. अमेरिकेत २००९ साली रूथ ब्रेनर यांच्या अभ्यासात, शिकवणी घेतलेल्या एक ते चार वर्षांच्या मुलांत धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला खरा. पण नमुना इतका छोटा होता की खरा आकडा त्याच्या बराच खालीही असू शकतो.

नेदरलँड्स हा कालव्यांचा देश. तिथे मुलाच्या पहिल्याच पोहण्याच्या परीक्षेत अंगावर कपडे आणि पायांत बूट असतात, शिवाय पाण्याखाली धरलेल्या कापडाच्या भोकातून पलीकडे जायचं असतं. कालव्यात पडणारं पोर पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही, इतका साधा विचार त्यामागे आहे. आपल्या उन्हाळी शिबिरांत हे का नाही, याचं उत्तर मला कुठल्याच माहितीपत्रकात मिळालं नाही.

आपल्याकडे विहिरीत शिकलेली पिढी अजून आहे. पाठीला वाळका भोपळा, पांगाऱ्याचा बिंडा किंवा तेलाचा रिकामा डबा, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या काकाच्या हातात. पोर हातपाय मारायला लागलं की काका दोर ढिला सोडायचा, मग एक दिवस डबाही सुटायचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं ते याहून फार वेगळं नाही: ‘मला जमतं’ ही खात्री शाबासकीपेक्षा स्वतः करून पाहिल्यानं येते, आणि त्यासाठी आधी आधार द्यावा, मग तो हळूहळू काढून घ्यावा. मात्र विहिरींचे गोडवे गाताना हात आखडता घेतलेला बरा. धाडकन ढकलून देणारे काकाही होते; त्यांच्या हाताखालच्या कितीकांनी जन्मभर पाण्याची धास्ती घेतली. मुली बहुतेक काठावरच राहिल्या. आणि जिथे १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, तिथे कोणाची पोरं कोणाच्या विहिरीत सूर मारत होती हे वेगळं सांगायला नको.

आत्मविश्वासाबद्दल सध्या जाहिरातीच जास्त बोलतात. लवकर पोहणारी मुलं भाषेत, गणितातही पुढे असतात, असं सांगणारा ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्याला जलतरण-शिकवणीच्या व्यवसायातून पैसा मिळाला होता आणि त्याची बरीच भिस्त पालकांच्या सांगण्यावर होती, हे जाहिरातीत येत नाही. मला त्याहून मोलाचा वाटतो तो कॅनडातल्या बार्बरा मोराँजिएलो यांचा २०१३चा अभ्यास. दोन ते पाच वर्षांच्या मुलांची शिकवणी जसजशी पुढे सरकली, तसतसे पालक ‘आता एवढं लक्ष द्यायला नको’ असं मानू लागले. मुलाचा आत्मविश्वास त्याला तरंगत ठेवतो; पालकांचा वाढला की ते मोबाइल काढतात. बुडणारं माणूस तर ओरडतही नाही. फ्रँक पिया या जीवरक्षकानं हे नीट निरखून मांडलं: तोंड पाण्याखाली-वर होत राहतं, श्वासच पुरत नाही तर हाक कुठून मारणार, आणि हात पाणी दाबण्यात गुंतलेले असल्यानं हलवून खूण करता येत नाही. काठावरच्याला ते खेळणं वाटतं.

धरणावर, नदीवर एक पाय घसरून गेला, वाचवायला दुसरा उतरला, त्याच्यामागे तिसरा, ही बातमी आपण दर उन्हाळ्यात वाचतो. म्हणून बांगलादेशातली ती काठीची अट मला पंचवीस मीटरांइतकीच महत्त्वाची वाटते. साडी, ओढणी, बांबू, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेकायचं आणि आपण काठ सोडायचा नाही. हे दहा वर्षांच्या मुलाला कोरड्या मैदानावरही शिकवता येतं. त्याला तलाव लागत नाही, फी लागत नाही.

आणि शेततळी. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आली, त्याआधीपासूनही दुष्काळी पट्ट्यात ती खोदली जात होती. अनेकांना प्लास्टिकचं अस्तर असतं. बाजू उतरत्या, त्यावर शेवाळ धरलेलं; पट्टीचा पोहणाराही काठाशी येतो आणि घसरून परत आत जातो, हात रोवायला जागाच नसते. इथे पोहण्याची शिकवणी अपुरी पडते. चारी बाजूंनी कुंपण हवं आणि काठावरच्या खुंट्यांना बांधून पाण्यात सोडलेले गाठींचे दोर हवेत, चारही उतारांवर, कारण पडणारं पोर बाजू निवडून पडत नाही. अस्तराच्या खर्चापुढे त्या दोरांचा खर्च अगदी किरकोळ आहे.